तबक धरणाऱ्याची शाल

मला तुम्ही पाहिलेलं आहे. निवेदक "शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देऊन" असं म्हणतो ना, तेव्हा तबकात नारळाखाली दबून बसलेली असते, ती मी. सत्काराची शाल. रंग डाळिंबी, काठाला सोनेरी जर. जर म्हणजे आपली नावाला, मानेला लागली की टोचते. आज मला बोलू द्या. एरवी बोलायचं काम माइकवाल्यांचं, आणि ते एकदा उभे राहिले की मी तबकात नुसती तळमळत असते.

स्वभावानं मी पहिल्यापासूनच उतावळी. पानिपतला यंत्रमागावर जन्मले, तिथं कुणाला कुणाकडं बघायला वेळ नव्हता. कापड कापलं, घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं, झालं. ट्रकनं पुण्याला आणि पुण्याहून टेम्पोनं जुन्नरला आले. सगळ्या वाटेत मला एकच घाई होती, की कुणाच्या तरी अंगावर कधी जाते. शालीच्या जातीला दुसरं काय हवं असतं? ऊब द्यायची, बस.

जुन्नरला मी मदनलाल शेठच्या दुकानात उतरले. शेठचे पणजोबा राजस्थानातून आले. शेठ मात्र पेठेतच जन्मले आणि पेठेतच वाढले. भांडायचं झालं तरी मराठीतच भांडतात. त्यांच्या दुकानात एक कपाट नुसतं सत्काराचं आहे. शाली, फेटे, उपरणी. आमच्या जुन्नर-आंबेगावात सत्काराला फार मोठं निमित्त लागत नाही. नवा साहेब आला, सत्कार. बदली होऊन गेला, सत्कार. पुतण्याला बारावीत मार्क पडले, तर पुतण्याबरोबर काकांचाही सत्कार.

माझी पहिली वेळ मला चांगली आठवते. एका मोठ्या पाहुण्यांच्या खांद्यावर गेले आणि मनात म्हटलं, सुटले, घर मिळालं. फोटो निघाला. तो निघाल्याबरोबर पाहुण्यांनी मला उतरवलं आणि वळूनही न बघता हात मागं केला. मागं उभ्या असलेल्या कुणीतरी मला घेतलं. खांद्यावर मी चार मिनिटं होते. त्यानंतर पंधरा दिवस गाडीच्या डिकीत, स्टेपनीशेजारी.

मग त्याच पाहुण्यांनी मला एका मुख्याध्यापकांच्या खांद्यावर घातलं, मुख्याध्यापकांनी एका संस्थाचालकांच्या, संस्थाचालकांनी कुणा कीर्तनकारांच्या. असे सात खांदे झाले. नव्या कपड्याची घडी मोडली असं आपण म्हणतो, ते कुणी तो मनापासून अंगावर घातला तर. त्या हिशेबानं सात सत्कार होऊनही माझी घडी कुणी मोडलेली नव्हती. सातवे पाहुणे तर मला खुर्चीवरच विसरून गेले. तो कार्यक्रम उमेद पथकाचा होता, म्हणून मी पथकाच्या पत्र्याच्या पेटीत जाऊन पडले.

उमेद पथक म्हणजे मुलामुलींचं पथक. दर रविवारी सकाळी जुन्नरच्या एका शाळेच्या मैदानावर साठ-सत्तर मुलं जमतात. कवायत, प्रथमोपचार, दोरीच्या गाठी, डोंगर चढणं-उतरणं. हिवाळ्यात तीन दिवसांचं शिबिर आणि त्याच्या समारोपाला वार्षिक कार्यक्रम. शिकवणारी मोठी माणसं सगळी स्वयंसेवक. मदनलाल शेठ अध्यक्ष आहेत, त्यामुळे पेटी त्यांच्याच दुकानाच्या माळ्यावर असते.

त्या पेटीपाशी मला कुशाबा भेटला.

कुशाबा घाटघरचा. तिकडं त्याची भाताची खाचरं आहेत. रविवारी पहाटे घाटघरहून मुक्कामाची एसटी सुटते, तिनं तो जुन्नरला यायचा. खांद्यावर दोरीचं वेटोळं. एकवीस वर्षांत त्यानं किती मुलांना गाठी शिकवल्या, कड्यावर पाय कुठं टेकवायचा ते दाखवलं, याची नोंद कुठंच नाही. मुलं त्याला मामा म्हणतात. आणि वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी तबक कुशाबाकडं.

तबक लावावं तर त्यानंच. पेटीतल्या शाली बाहेर काढायचा, झटकायचा, आणि एक खास घडी घालायचा. शाल तिहेरी दुमडून दोन्ही मोकळी टोकं वरच्या अंगाला. म्हणजे सत्कार करणाऱ्यानं टोकं चिमटीत धरून एकदा झटकलं की शाल आपोआप उघडते, उलटीसुलटी होत नाही, माणसाची फजिती होत नाही. मग तबक दोन्ही हातांत धरून तो स्टेजच्या कडेला उभा राहायचा. फोटोत त्याचं कोपर यायचं. माझ्यावर सगळ्यात जास्त हात फिरला असेल तर त्याचा. जुनी म्हणून मी तबकात तळाला असायची, पाळी न येताच पेटीत परतायची, आणि त्याच्या खांद्यावर तर कधी गेलेच नव्हते.

का, ते सांगते. पथकाच्या बैठका दुकानातच होतात, मी माळ्यावरून ऐकते. सत्काराची यादी निघाली की कुणीतरी कुशाबाचं नाव घ्यायचं, आणि शेठ हसून म्हणायचे, "अहो, तो घरचा माणूस." यात वाईट काही नव्हतं, शेठचा जीवच होता त्याच्यावर. पण पाहुण्याला मान द्यायचा आणि घरच्याला तबक द्यायचं, हे इथं इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला खटकतही नाही. मला खटकायचं. मी पेटीत कूस बदलायची, पण शालीनं कूस बदलली तर कळणार कुणाला?

मागच्या वर्षी त्याचं नाव पहिल्यांदा यादीत आलं. ते घालायला लावलं वृषालीनं. ती घोडेगावकडची. लहानपणी याच पथकात होती, आता शिनोलीला शिक्षिका आहे आणि पथकाची कार्यवाह. नऊ नंबरला नाव होतं. कुशाबानं नवा शर्ट घातला, बायकोला, प्रयागबाईला, घाटघरहून सोबत आणलं. तबक मात्र नेहमीसारखं त्यानंच लावलं.

पण आठ पाहुण्यांची भाषणं लांबली. एकानं तर पथकाचं नावही दोनदा चुकवलं आणि तरी पाऊण तास बोलला. माझा तबकात जीव खालीवर होत होता. शेवटी निवेदक म्हणाला, "वेळेअभावी उर्वरित सत्कार आपण प्रातिनिधिक स्वरूपात झाले असं समजू या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुटले म्हणून वाजवल्या. कुशाबानं तबक खाली ठेवलं, शाली मोजून पेटीत भरल्या, आणि पाचच्या एसटीसाठी दोघं निघाली. दारात प्रयागबाई एवढंच म्हणाली, "शर्टाला उगंच विस्त्री केली मी."

त्यानंतरही तो रविवारी येत राहिला. पण यंदा दिवाळी झाल्यावर एक दिवस दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "शेठ, ह्या शिबिरानंतर मी थांबतो."

"का हो? गुडघे?"

"गुडघं हायेतच."

शेठनी ते खरं मानलं, चहा मागवला, आणि विषय संपला. माळ्यावर मला मात्र चैन पडेना. गुडघे दुखणारा माणूस बोलताना गुडघ्याकडं बघतो. कुशाबा पेटीकडं बघत होता. आणि तो थांबला तर घाटघरच्या बाजूची बारा-पंधरा मुलंही थांबणार होती, कारण पहाटेच्या गाडीनं ती त्याच्याच भरवशावर यायची.

आठवड्यानं वृषाली आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, यंदा आधी आपल्या स्वयंसेवकांचे सत्कार. पाहुणे नंतर."

"अगं, पाहुण्यांना राग येईल. आणि घरच्या माणसाचा कसला सत्कार? त्यालाच परकं वाटेल."

"सूरज घरचाच होता ना?" सूरज म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाला, मुलांना प्रथमोपचार शिकवायचा. "चार महिने झाले, येत नाही. तुम्ही विचारलंत?"

"दुकानात असेल गुंतलेला."

"मी विचारलं. तो म्हणाला, मी येत नाही हे तुमाला चौथ्या महिन्यात कळलं, आता काय बोलू. मामांचं तसं झालं तर काका, मी कुणाच्या तोंडाकडं बघून मुलांना बोलावू?"

शेठनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बरं. कुशाबाला पहिला घेऊ. त्याला सांगू नको, नाही तर येणारच नाही. आणि त्याच्यासाठी मी कपाटातली नवी शाल काढतो, चांगली लोकरीची."

झालं. एवढी वाट बघितली, आणि माझ्या वाट्याचे ते खांदे एका नव्या कोऱ्या लोकरीच्या बाईसाहेबांना. खोटं कशाला बोलू, मला राग आला. कुशाबाचं चांगलं होतंय याचा आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण रागाच्या नंतर.

समारोपाचा दिवस उजाडला, पेटी शाळेच्या मैदानावर आली. कुशाबा आला तो दोरीचं वेटोळं घेऊन, आणि त्यानं ते वृषालीच्या हातात न देता मुकाट्यानं पेटीत माझ्याशेजारी ठेवून दिलं. दोरीला डोंगराचा आणि घामाचा वास येत होता. म्हणजे हा खरंच थांबणार होता. पहिल्या रांगेत प्रयागबाई बसली होती. वृषालीनं तिला फोनवर सांगून ठेवलं होतं, आणि तिनं नवऱ्याला, बाजार करायचाय म्हणून येते, अशी थाप मारली होती.

पडद्यामागं कुशाबा तबक लावायला बसला. नवी लोकरीची शाल त्याच्या हातात आली. त्यानं तिच्यावरून हात फिरवला, मान डोलावली, आणि ती प्रमुख पाहुण्यांसाठी बाजूला ठेवली. मग मला उचललं, झटकलं, तिहेरी घडी घातली, टोकं वर केली आणि पहिली म्हणून तबकात ठेवलं. स्वतःशीच पुटपुटला, "पयला कुणी आपल्यातलाच आसंल. त्याला ही चालती."

त्याला काय माहीत, पहिला तोच.

बाहेर वृषालीचा आवाज आला. "आजचा पहिला सत्कार. कुशाबा मामा, स्टेजवर या."

आणि कुशाबा गेला. तबक घेऊन गेला. नाव आपलं पुकारलंय म्हणजे तबक मागितलंय, दुसरा अर्थ त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. नेहमीच्या जागी, स्टेजच्या कडेला उभा राहिला आणि सत्कार कुणाचा आहे ते इकडंतिकडं शोधू लागला. शेठ पुढं आले तसं त्यानं तबक त्यांच्यापुढं धरलं आणि हळूच विचारलं, "कुणाला घालायची, शेठ?"

मुलं हसली. शेठ हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी फूटभरावरून बघत होते. एकवीस वर्षं हा माणूस आपल्या कोपराशी उभा आहे, हे त्यांना बहुतेक त्या क्षणी दिसलं. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "तबक द्या इकडं."

"आवो, तुमी कशाला?"

"द्या म्हणतो ना."

अध्यक्षांनी तबक धरलं. तबकात नवी शाल नाही हे त्यांच्या लक्षात आलं, क्षणभर घुटमळले, पण तोवर वृषालीनं मला उचललं होतं. मोकळी टोकं चिमटीत धरून तिनं एकदा झटकलं. कुशाबाचीच घडी ती, फसणार कशी? मी एका झटक्यात उघडले आणि त्याच्या खांद्यावर गेले.

खांदा हाडकुळा होता. दोरी घासून घासून एका जागी कातडी राठ झालेली, ती शर्टावरूनही मला कळली. तो ताठ उभा होता, आणि रिकामे हात कुठं ठेवावेत हे त्याला उमगत नव्हतं.

वृषालीनं मानपत्र वाचलं नाही. ती म्हणाली, "पहिल्या शिबिरात मी नऊ वर्षांची होते. घरी जायचं म्हणून रडत होते. सगळे समजूत घालत होते. मामांनी समजूत नाही घातली. गाठी मारलेली दोरी हातात दिली आणि म्हणाले, ह्या सोडव, सगळ्या सुटल्या की घोडेगावला सोडून येतो. मी दुपारपर्यंत बसले. शेवटची गाठ सुटली तेव्हा घरी जायचं माझ्या ध्यानातच नव्हतं. आज माझ्या वर्गातलं पोर रडायला लागलं की मी तेच करते."

माइक कुशाबापुढं आला. त्यानं आधी त्याला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "ती शेवटची गाठ हिच्यानं सुटत नव्हती. पाणी प्यायला गेली व्हती, तवा मी जराशी ढिली केली. एवढ्या वर्सात बोललो न्हाई."

मैदानभर हशा पिकला, आणि वृषालीनं डोळ्याला पदर लावला. फोटो निघाला. या वेळी कोपर नाही, सगळा माणूस फोटोत.

आणि मग तेच झालं, ज्याची मला धास्ती होती. फोटो झाल्याबरोबर कुशाबानं मला खांद्यावरून उतरवलं. सवयीनं. तिहेरी घडी, टोकं वर. आणि शेठच्या हातातल्या तबकात मला परत ठेवलं, पुढच्या माणसासाठी. काम संपल्यासारखा खाली उतरायला निघालासुद्धा. चार मिनिटंही झाली नव्हती. माझ्या जिवाचं पाणी झालं.

पहिल्या रांगेतून प्रयागबाई उठली. डोक्यावरचा पदर सावरत स्टेजपाशी आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आवो, ती ठिवू नका. ती आपली हाय."

"आगं, पुढच्याला लागंल."

"पुढच्याला दुसरी हाय. मागल्या वर्साला रिकाम्या हातानं गेलो, मी काय म्हणलं का? आज मी ती घिऊन जानार."

शेठनी तबक तिच्यापुढं धरलं. तिनं मला उचललं, नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं आणि त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीत नेऊन बसवलं. एकवीस वर्षांत तो पहिल्यांदा समोर बसून कार्यक्रम बघत होता. आणि काय त्याचे हाल! बाकीच्या शाली मुलांनी आपल्या मनानं घड्या घालून आणल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांची नवी लोकरीची शाल उघडली ती आतली बाजू वर करून आणि एक टोक पाहुण्यांच्या चष्म्यात अडकलं. कुशाबा अर्धा उठला. वृषालीनं स्टेजवरूनच त्याला हातानं बसायची खूण केली. तो बसला, पण त्याची बोटं माझ्या काठावर सारखी घडी घालत होती.

पाचच्या एसटीनं आम्ही तिघं घाटघरला आलो. दोरी पेटीतच राहिली. त्याबद्दल तो बोलला नाही, आणि वृषालीनंही विचारलं नाही. सन्मान केला म्हणून वचन मागायचं नाही, एवढं तिला कळत होतं. मला नव्हतं कळत. मी सगळा आठवडा खुंटीवर तगमगत काढला. रविवारी हा माणूस काय करणार?

आता मी याच खुंटीवरून बोलतेय. आज रविवार आहे. तांबडं फुटलंय, दारातून गार वारा आत येतोय. कुशाबा उंबऱ्यात बसलाय, उठतोय, पुन्हा बसतोय. चहा गार झाला. वळणावर मुक्कामाची गाडी चालू झालेली ऐकू येते.

तो उठायच्या आत तुम्हाला एक सांगते, कारण उद्यापरवा तुमच्याही गावात कार्यक्रम असेल, शाली निघतील. पाहुण्यांना जरूर घाला. पण तबक कुणाच्या हातात आहे ते एकदा वळून बघा. त्याचं नाव घ्या, त्यानं काय केलं ते नेमकं सांगा, आणि वेळ संपायच्या आधी सांगा. सूरजकडं कुणी गेलं असेल का, हा घोर मला अजून आहेच. पेटीत माझ्या किती बहिणी पडून आहेत.

प्रयागबाई चुलीपासून म्हणते, "जायचं तर जावा. गुडघं काय घरी बसून ऱ्हात्यात व्हय?"

"दोरी पेटीत हाय," कुशाबा म्हणतो. "पोरांनी गुतावळा करून ठिवला आसंल."

"मग?"

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. रस्त्यावर मुलांचे आवाज, कुणीतरी "मामा, चला" म्हणून हाक मारली. कुशाबा उठला, खुंटीपाशी आला आणि मला खांद्यावर टाकलं, जिथं एरवी दोरी असते तिथंच.

घडी न घालता.